उतावीळ उंदीर, फिका मेंदू: एका गाजलेल्या पेपरचं पुन्हा वाचन

व्यसनाच्या मेंदूविज्ञानावरचं भाषण असलं की एक स्लाईड बहुतेक वेळा येतेच. उंदराच्या मेंदूचे दोन रंगीत काप शेजारी शेजारी. एकात मधला भाग लालभडक, दुसऱ्यात तोच भाग जरा फिका. वक्ता सांगतो की फिका मेंदू उतावीळ उंदराचा, त्याच्यात डोपामिनचे रिसेप्टर मुळातच कमी, म्हणून तो कोकेनच्या नादी लागतो. दहा सेकंदांत पुढची स्लाईड.

ही गोष्ट जिथून आली तो पेपर 'सायन्स'च्या मार्च २००७ च्या एका अंकात आहे. केंब्रिज विद्यापीठातले जेफ्री डॅली, ट्रेव्हर रॉबिन्स, बॅरी एव्हरिट आणि त्यांचे सहकारी. मोजून चार पानं. शीर्षकाचा मराठीत आशय असा: न्यूक्लियस अकम्बन्समधल्या डी२/३ रिसेप्टरांवरून उतावीळ स्वभावाचं आणि कोकेनच्या ओढीचं भाकीत करता येतं.

आज या पेपरबद्दल लिहायचंय, आणि तो वाईट आहे म्हणून नाही. उंदरांवर पेट वापरून झालेलं जे काम मी वाचलंय त्यात हे सर्वांत हुशारीने आखलेल्या प्रयोगांपैकी एक आहे. माझी तक्रार आहे ती शीर्षकाबद्दल, आणि आपण सगळे हा पेपर ज्या पद्धतीने पुढे सांगतो त्याबद्दल. घरात कुणी दारूच्या आहारी गेलं की आपल्याकडे नातेवाईक म्हणतात, "त्याच्या रक्तातच आहे, बापही तसाच होता." या वाक्यात रक्ताच्या जागी रिसेप्टर घाला, सोबत रंगीत चित्र दाखवा, की तेच वाक्य एकदम शास्त्रीय वाटायला लागतं. आणि ते ज्यांच्या कानावर पडतं त्यांनाच बऱ्याचदा ठरवायचं असतं, याच्या उपचारावर अजून पैसे घालायचे की हात टेकायचे. म्हणून त्या फिक्या रंगामागचा आकडा नक्की काय मोजतो, हे बघणं मला गरजेचं वाटतं.

आधी मूळ भांडण काय होतं ते. १९९० पासून नोरा व्होल्कॉव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकेनचं व्यसन असलेल्या माणसांचे पेट स्कॅन प्रसिद्ध केले. निरोगी माणसांशी तुलना केली तर व्यसनी माणसांच्या स्ट्रायटम नावाच्या भागात डी२ रिसेप्टरांचा आकडा कमी दिसत होता. पुढे दारू आणि मेथॅम्फेटामिन यांच्याबाबतही तसंच दिसलं. आता हा आकडा कोकेनमुळे कमी झाला, की आधीपासून कमी होता म्हणून माणूस कोकेनकडे ओढला गेला? अंडं आधी की कोंबडी आधी, तसलाच प्रश्न. माणसांमध्ये तो सुटणं जवळपास अशक्य, कारण व्यसन लागल्यानंतरच माणूस स्कॅनरपर्यंत पोहोचतो. आधीचा स्कॅन कुणाकडेच नसतो.

उंदरांमध्ये आधीचा स्कॅन काढता येतो. केंब्रिजच्या प्रयोगाचं सगळं बळ या एका वाक्यात आहे.

(मराठीत आपण रॅट आणि माऊस दोघांनाही उंदीरच म्हणतो. इथे सगळीकडे रॅट समजा, तीनशे-चारशे ग्रॅमचा, धट्टाकट्टा. माऊसच्या मेंदूत हे मोजणं याहून अवघड.)

उंदीर उतावीळ आहे हे कसं ओळखायचं? त्यासाठी एक परीक्षा आहे. पेटीच्या एका वक्र भिंतीत पाच भोकं. उंदराने पाच सेकंद थांबायचं, मग कुठल्यातरी एका भोकात क्षणभर दिवा लागतो, तिथे नाक खुपसलं की मागच्या बाजूला खाऊची गोळी मिळते. दिवा लागायच्या आधीच नाक खुपसलं तर गोळी नाही, वर काही सेकंद अंधार. हे शिकवायला आठवडेच्या आठवडे जातात. शिकून झाल्यावर थांबायची वेळ पाचावरून सात सेकंदांवर नेली की उंदीर वेगवेगळे पडतात. बरेचसे थांबतात. काहींना मात्र थांबवतच नाही, दिवा लागायच्या आधीच ते नाक घालत सुटतात. या चुकीच्या घाईची संख्या म्हणजे उतावीळपणाचं माप. मला हे माप आवडतं. त्यात प्रश्नावली नाही, मत नाही, नुसती मोजणी आहे.

डॅली आणि सहकाऱ्यांनी असे अति उतावीळ उंदीर एका बाजूला काढले, तसे नसलेले दुसऱ्या बाजूला. कोकेन कुणालाच दिलेलं नव्हतं. या अवस्थेत स्कॅन केले तर उतावीळ गटात न्यूक्लियस अकम्बन्समधला, म्हणजे स्ट्रायटमच्या खालच्या भागातला, डी२/३ चा आकडा कमी आला. वरच्या भागात फरक नव्हता. उतावीळ उंदरांना शिरेतून कोकेन घ्यायची सोय दिली, तेव्हा त्यांनी ते जास्त घेतलं. म्हणजे व्होल्कॉव यांना माणसांत दिसलेली कमतरता, निदान काही अंशी, व्यसनाच्या आधीची असू शकते.

'काही अंशी' आणि 'असू शकते' हे माझे शब्द नाहीत. पेपरच्या सारांशात शेवटच्या वाक्यात नेमका हाच सावधपणा आहे. त्यावर पुढे येतेच.

आता तो आकडा. आपल्याकडे पेट स्कॅन म्हटलं की कॅन्सर आणि टाटा हॉस्पिटल आठवतं. तिथे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर टोचतात आणि ती कुठे जास्त खाल्ली जाते ते पाहतात. यंत्राचं तत्त्व इथेही तेच. ट्रेसरमधून पॉझिट्रॉन निघतो, जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटून नष्ट होतो, आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. भोवतीच्या कड्यात दोन्ही एकाच वेळी पकडले की त्या रेषेवर कुठेतरी ट्रेसर होता हे कळतं. फरक एवढाच की साखरेच्या जागी रिसेप्टरला चिकटणारं औषध असतं. या पेपरात फॅलिप्राइड, डी२ आणि डी३ या दोन्ही रिसेप्टरांना घट्ट धरणारं.

ट्रेसर चिकटला, गॅमा किरण मोजले, म्हणजे रिसेप्टर मोजले, असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही. मी नवीन विद्यार्थ्यांना एसटीचं उदाहरण देते. गर्दीच्या दिवशी बस फलाटावर लागलीय. तुम्हाला आत किती आसनं आहेत ते मोजायचंय, पण आत जाऊन बघता येत नाही. मग तुम्ही तुमचे दहा लोक आत सोडता आणि पाहता की त्यातल्या किती जणांना बसायला मिळालं आणि किती उभे राहिले. बसलेले भागिले उभे, हा तुमचा आकडा. तो कमी आला तर बसमध्ये आसनं कमी आहेत? असतीलही. पण कदाचित खिडकीतून आधीच कुणी रुमाल टाकून जागा धरल्यात. कदाचित आसनं आहेत पण दुमडून भिंतीला लावलीत. कदाचित बसच लहान आहे.

पेटमधला आकडा असाच भागाकार असतो. त्याला बाइंडिंग पोटेन्शियल म्हणतात. १९८४ मध्ये मार्क मिंटन आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. ढोबळपणे, ट्रेसरला मिळू शकणारे मोकळे रिसेप्टर वर, आणि खाली पकडीचं माप, जे पकड जितकी घट्ट तितकं लहान. उभे लोक किती हे कळायला जिथे हे रिसेप्टर जवळपास नाहीत असा भाग लागतो. तो म्हणजे लहान मेंदू, सेरेबेलम. मोकळे म्हणजे डोपामिनने आधीच रुमाल टाकलेला नाही असे. पेशीच्या आत ओढले गेलेले रिसेप्टर हिशेबात धड येत नाहीत. म्हणून काळजीपूर्वक लिहिणारे लोक 'रिसेप्टरांची संख्या' म्हणत नाहीत, 'उपलब्धता' म्हणतात. डॅलींच्या सारांशातही उपलब्धता हाच शब्द आहे. शीर्षकात तो गळला. शीर्षकात नुसते रिसेप्टर आहेत.

बाल की खाल काढतेय असं वाटेल, म्हणून रुमालांचा मुद्दा जरा पुढे नेते. उतावीळ उंदरांच्या अकम्बन्समध्ये डोपामिन जास्त सुटत असेल, तर रिसेप्टर तितकेच असूनही आकडा कमी येईल. हा अर्थ पूर्ण उलटा आहे. एकात रिसेप्टरांचा दुष्काळ, दुसऱ्यात डोपामिनचा पूर. आणि हे टोकाचं गृहीतक नाही. २०१० मध्ये 'सायन्स'मध्येच जोशुआ बकहोल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी माणसांबद्दल दाखवलं की जास्त उतावीळ लोकांत मध्यमेंदूतली डी२/३ उपलब्धता कमी असते आणि अॅम्फेटामिन दिल्यावर स्ट्रायटममध्ये डोपामिन जास्त सुटतं. म्हणजे पूर येऊ शकतो.

केंब्रिजच्या लोकांना हे ठाऊक होतं. त्यांनी मायक्रोडायलिसिसने, म्हणजे मेंदूत बारीक नळी घालून, डोपामिन वेगळं मोजलं आणि गटांमध्ये फरक नाही असं सांगितलं. पेपरमधला हा भाग भाषणांत कधीच येत नाही, आणि मला तोच सर्वांत प्रामाणिक वाटतो. नुसत्या पेटवर ते थांबले असते तर आज या पेपरचं एवढं वजन नसतं. तरी एक सांधा उरतोच. नळीतून मिळणारं डोपामिन म्हणजे पेशींच्या मधल्या पाण्यातली, मिनिटांमिनिटांची सरासरी. रिसेप्टरला डोपामिन भेटतं ते सिनॅप्सजवळ, सेकंदाच्या अंशात. शिवाय स्कॅनच्या वेळी उंदीर भूल दिलेला असतो, कारण जागा उंदीर स्कॅनरमध्ये तासभर डोकं स्थिर ठेवून बसत नाही. आयसोफ्लुरेनसारखी भूल डोपामिनच्या देवाणघेवाणीला हात लावते. हा मुद्दा फक्त या पेपरचा नाही, आमच्या सगळ्या क्षेत्राचा आहे. ब्रुकहेव्हनच्या लोकांनी तर जाग्या उंदराच्या डोक्यावर बसेल असा छोटा पेट स्कॅनरच बनवला, २०११ मध्ये 'नेचर मेथड्स'मध्ये आला. उंदीर टोपी घालून फिरतोय. बघायला गंमत वाटते, पण वापर फार पसरला नाही, आणि आम्ही बहुतेक जण अजून भुलीवरच आहोत.

आता जागेचा प्रश्न. उंदराचा सबंध मेंदू सुमारे दोन ग्रॅमचा. माणसाचा चौदाशेच्या आसपास. उंदराचं अकम्बन्स एक-दोन मिलिमीटर रुंद. त्या पिढीच्या लहान प्राण्यांच्या स्कॅनरचं विभेदन साधारण तेवढंच, दोन मिलिमीटरच्या जवळपास. म्हणजे यंत्राला जो सर्वांत बारीक ठिपका दिसतो तेवढाच आपला अख्खा भाग. त्याच्या लगेच वर स्ट्रायटमचा वरचा भाग, जो फॅलिप्राइडने लखलखत असतो. त्याचा उजेड खाली सांडतो. डोळ्यांमागे हार्डेरियन ग्रंथी असते, तीही ट्रेसर भरपूर धरते आणि पुढच्या बाजूने धूसरपणा आणते. ट्रेसरमधला फ्लोरिन सुटला तर तो हाडात जाऊन बसतो, मग कवटी चमकते.

पण टीका करायची तर दोन्ही बाजूंनी करावी. या धूसरपणामुळे केंब्रिजचा निष्कर्ष पडतो का? मला नाही वाटत. वरच्या भागात दोन गटांत फरक नव्हता. तिथला उजेड दोन्ही गटांत सारखाच खाली सांडला असेल, तर खालचा फरक त्यामुळे पुसट होईल, नव्याने तयार होणार नाही. खरा फरक दिसला त्यापेक्षा मोठाच असण्याची शक्यता जास्त.

धूसरपणाचा दुसरा परिणाम मात्र जिव्हारी लागणारा आहे. भाग जर यंत्राच्या विभेदनाएवढाच असेल, तर तो थोडा लहान किंवा विरळ झाला की त्याचा आकडा आपोआप खाली येतो. रिसेप्टर तितकेच दाटीने असले तरी. ही शंका हवेतली नाही. त्याच केंब्रिजच्या गटातून २०१४ मध्ये डॅनिएले कॅप्रिओली आणि सहकाऱ्यांचं काम आलं. उतावीळ उंदरांच्या डाव्या अकम्बन्सच्या गाभ्यात एमआरआयवर करड्या द्रव्याची घनता कमी दिसली, गाबा तयार करणारं एन्झाइम कमी, आणि पेशींच्या फांद्यांवरच्या काट्यांशी जोडलेली प्रथिनंही कमी. म्हणजे तिथली पेशींची बांधणीच वेगळी आहे. बसच लहान आहे, हा पर्याय मी उगाच दिला नव्हता. मग २००७ चा आकडा 'पेशीमागे रिसेप्टर कमी' असं सांगतो की 'रिसेप्टर बसवायला पेशींचा पसाराच कमी' असं? पेटला हे वेगळं करता येत नाही. भाषणातल्या वाक्यात मात्र पहिलाच अर्थ गृहीत धरलेला असतो.

डी३ चा मुद्दा थोडक्यात. फॅलिप्राइड डी२ आणि डी३ मध्ये फरक करत नाही, आणि उंदरात डी३ नेमके या खालच्या भागात जास्त असतात, वरच्या भागात कमी. फरकही फक्त खाली दिसला. तेव्हा ही गोष्ट 'डी२ ची' म्हणून सांगणं घाईचं. पेपर डी२/३ लिहितो. लोक तीनचा आकडा सोडून देतात.

माझी मुख्य तक्रार याहून साधी आहे. सारांश नीट वाचला तर त्यात दोन वेगळी क्रियापदं दिसतात. उतावीळपणावरून कोकेन किती घेतलं जाईल याचं भाकीत होतं. आणि उतावीळपणाचा रिसेप्टरांच्या उपलब्धतेशी संबंध आहे. भाकिताचा कर्ता उतावीळपणा, म्हणजे पाच भोकांची पेटी. शीर्षकात कर्ता बदलतो. तिथे भाकीत रिसेप्टर करतात, तेही दोन्ही गोष्टींचं. अ चा ब शी संबंध, ब वरून क चं भाकीत, म्हणून अ वरून क चं भाकीत, अशी ही उडी. ती बरोबर असू शकते. पण दोन दुवे मध्यम ताकदीचे असले तर तिसरा आपोआप येत नाही, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात. त्यात हे लहान गट. एका उंदराच्या स्कॅनला अर्धा दिवस आणि सायक्लोट्रॉनचा खर्च जातो, त्यामुळे पेटच्या पेपरांत उंदरांची संख्या मोजकीच असते. मी कुणाला दोष देत नाही, माझ्याही कामात तेच आहे. पण मोजक्या ठिपक्यांमधून काढलेल्या रेषेला 'भाकीत' म्हणताना आवंढा यायला हवा.

आणि 'मुळातच', 'जन्मतः' हे शब्द तर पेपरमध्ये कुठून आणायचे? उंदरांचे स्कॅन झाले ते कोकेनच्या आधी. जन्माच्या वेळी नव्हे. मधल्या काळात ते वाढले, पिंजऱ्यात राहिले, कित्येक आठवडे त्या पेटीत शिकले, आणि खाऊसाठी काम करावं म्हणून त्यांचं रोजचं खाणं मोजून दिलेलं असतं. यातलं काय रिसेप्टरांवर उमटतं आणि काय नाही? 'औषधाच्या आधी' आणि 'जन्मापासून' यांच्यातलं अंतर म्हणजे उंदराचं तोपर्यंतचं सगळं आयुष्य.

हे अंतर किती मोठं असू शकतं ते उंदरांपेक्षा माकडांनी चांगलं दाखवलंय, आणि तेही डॅलींच्या पाच वर्षं आधी. अमेरिकेत वेक फॉरेस्टमध्ये ड्रेक मॉर्गन, मायकेल नाडर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये हे काम छापलं. माकडं आधी एकेकटी ठेवली होती तेव्हा त्यांचे डी२ चे आकडे मोजले. मग त्यांना चारचारच्या टोळ्यांत ठेवलं. टोळीत कोण वरचढ, कोण दबलेलं हे ठरलं, आणि पुन्हा मोजलं. एकटं असताना पुढे वरचढ होणाऱ्यांत आणि दबणाऱ्यांत फरक नव्हता. टोळीत राहिल्यावर वरचढ माकडांचा आकडा वाढला, दबलेल्यांचा होता तिथेच राहिला. पुढे कोकेनची सोय दिली तेव्हा दबलेली माकडं त्याच्या मागे लागली, वरचढ तितकी नाहीत. आता दबलेल्या माकडाचा फक्त शेवटचा स्कॅन तुमच्या हातात दिला असता, तर तुम्ही काय म्हटलं असतं? याच्यात मुळातच रिसेप्टर कमी.

नाडर यांच्याच २००६ च्या कामात अंडं आणि कोंबडी दोन्ही सापडतात. ज्या माकडांचा सुरुवातीचा आकडा कमी, त्यांनी कोकेन जास्त घेतलं. आणि कोकेन सुरू केल्यावर आठवड्याभरात सगळ्यांचाच आकडा १५ ते २० टक्के खाली आला. दीर्घकाळ घेतल्यानंतर बंद केलं तर काहींचा तीन महिन्यांत पूर्ववत झाला, काहींचा वर्षभरातही नाही. म्हणजे आधीचं कारणही आहे, नंतरचा परिणामही आहे, आणि परत फिरण्याची वाटही आहे, सगळ्यांना सारखी नाही इतकंच. डॅलींचा पेपर याच्या शेजारी ठेवून वाचला तर तो नीट अर्थ देतो. एकटा वाचला तर नियतीची गोष्ट वाटतो.

उंदरांत परत फिरण्याचा भाग केंब्रिजच्याच लोकांनी २०१३ मध्ये तपासला. कॅप्रिओली आणि सहकाऱ्यांनी कोकेनच्या आधी आणि नंतर त्याच उंदरांचे स्कॅन केले. सुरुवातीला ज्यांचा आकडा कमी आणि उतावीळपणा जास्त, त्यांच्यात कोकेननंतर आकडा वर गेला आणि उतावीळपणा उतरला. हे वाचून मी जरा थबकले होते. 'कमी रिसेप्टर म्हणजे व्यसन' या सरळ रेषेत हे बसत नाही, उलट ते 'उतावीळ प्राणी स्वतःवरच औषधोपचार करतोय' असल्या विचाराकडे जातं. मात्र इथेही सावध राहायला हवं. टोकाचे आकडे निवडून पुन्हा मोजले की ते आपोआप मध्याकडे सरकतात, कोकेन असो नसो. असे पेपर वाचताना पहिलं पान सोडून थेट कोकेन न दिलेल्या तुलनेच्या गटाकडे जावं. सगळा निकाल तिथे लागतो.

उंदरांचं पेट वाचताना मी आणखी एक गोष्ट शोधते, ती सहसा पद्धतींच्या विभागात एका ओळीत लपलेली असते: कोणता उंदीर किती वाजता स्कॅन केला. फ्लोरिन-१८ चं अर्धआयुष्य सुमारे ११० मिनिटं. ट्रेसर सकाळी एकदा बनतो आणि दिवसभर पुरवतात. दोन अर्धआयुष्यांनंतर, म्हणजे पावणेचार तासांच्या आत, तेवढाच किरणोत्सार हवा तर चौपट औषध टोचावं लागतं. माणसाच्या शरीरात ते औषध नगण्य. तीनशे ग्रॅमच्या उंदरात नाही. तुमचे दहा लोक चाळीस झाले की बसमधल्या गर्दीत तेच भर घालायला लागतात, आणि भागाकार खाली येतो. सकाळी शांत उंदीर आणि दुपारी उतावीळ उंदीर असा क्रम लागला तर रिसेप्टरांचा संबंध नसतानाही फरक दिसेल. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा गट सरमिसळ करून स्कॅन करतात आणि ट्रेसरने पाच टक्क्यांहून कमी रिसेप्टर व्यापले हे लिहून देतात. पेपरमध्ये ही ओळ दिसली नाही तर मी आकड्यांवरचा विश्वास जरा आवरता घेते.

एवढं सगळं म्हणून झाल्यावर प्रश्न उरतो की मग पेट कशाला? उंदराला मारून मेंदूचे काप करून ऑटोरेडिओग्राफी केली तर जागा कितीतरी बारीक दिसते, डोपामिन धुऊन काढता येतं, रिसेप्टरांची संख्या थेट मिळते. खरंय. पण मेलेल्या उंदराचं पुढे काय झालं असतं हे कळत नाही. पेटची सगळी किंमत त्या 'आधी आणि नंतर'मध्ये आहे, आणि २००७ च्या पेपरने त्यातलं 'आधी' कमावलं. माणसांच्या स्कॅनना ते जमत नव्हतं. त्यापुढचं काम, डेव्हिड बेलिन आणि सहकाऱ्यांचं २००८ चं, तेही इथूनच निघालं: उतावीळ उंदीर पायाला झटका बसत असतानाही कोकेन सोडत नाहीत, आणि नवीन जागेत हुंदडणारे उंदीर कोकेन पटकन सुरू करतात पण अशा सक्तीपर्यंत तितके जात नाहीत. यात रिसेप्टर नाहीत, पेटी आणि लिव्हरच आहेत. व्यसन समजून घ्यायला मला हा पेपर त्या रंगीत स्लाईडपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

मला हवा असलेला प्रयोग सांगायचा तर तो असा. पिल्लू दूध तोडल्यावर लगेच पहिला स्कॅन, पेटीतलं शिक्षण सुरू व्हायच्या आधी. मग निम्मे उंदीर एकटे, निम्मे चार-चारच्या पिंजऱ्यात. शिक्षण झाल्यावर दुसरा स्कॅन. कोकेननंतर तिसरा, बंद केल्यावर चौथा. प्रत्येक वेळी सोबत एमआरआय, म्हणजे भागाचा आकार कळेल. शेवटी त्याच उंदरांची ऑटोरेडिओग्राफी, म्हणजे पेटचा आकडा आणि खरी संख्या एकमेकांसमोर ठेवता येतील. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात तान्ह्या उंदराच्या शेपटीची शीर सापडत नाही, वाढत्या मेंदूला एकच नकाशा लावता येत नाही, चार वेळा दिलेली भूल हाच एक प्रयोग होऊन बसतो, आणि सायक्लोट्रॉन बंद पडला की त्या दिवसाच्या वयाचा स्कॅन कायमचा हुकतो, कारण उंदीर पुढच्या आठवड्यापर्यंत तेवढाच राहत नाही.